फॉरमॅट करण्यापूर्वी : मुलीस पत्र

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सांगितलेस की, संगणक आता दिवसातून दोन-तीनदा हँग होतो, कधी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि प्रबंधाची लिहिलेली दोन पाने वाया गेल्यामुळे येत्या रविवारी तू सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणार आहेस. तुझा वैताग मला पूर्ण समजतो. तरीही रविवारच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडावे म्हणून मी आजच लिहायला बसले आहे, कारण फोनवर सांगितलेले अर्धे विसरले जाते आणि लिहिलेले मात्र समोर ठेवून एकेक करून पाहता येते. दोष कुठे आहे हे कळेपर्यंत फॉरमॅट करू नकोस, एवढीच माझी विनंती आहे.

एक काम मात्र आजच कर. प्रबंधाचा मजकूर, टिपणे, छायाचित्रे, म्हणजे जे जे पुन्हा मिळणार नाही ते सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे आणि प्रबंधाची आणखी एक प्रत इंटरनेटवरील साठवणुकीत ठेव. प्रत घेतल्यावर त्या फाइली दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. दोष रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल, तर प्रत घेतानाच मजकूर बिघडू शकतो. फाइलचे नाव आणि आकार जसाच्या तसा दिसतो, पण ती उघडत नाही. आणि दोष हार्ड डिस्कमध्ये असेल, तर चेकडिस्कसारखा दुरुस्तीचा प्रोग्राम त्या थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवतो व त्यात उरलेसुरले वाचता येणेही बंद होऊ शकते. म्हणून आधी प्रत घ्यायची आणि मगच तपासणीला हात घालायचा.

मी इतक्या आग्रहाने सांगते आहे, त्याला कारण आहे. तू शाळेत असताना आपल्या जुन्या संगणकाने असाच त्रास दिला होता. मी एका सुट्टीच्या दिवशी विंडोज नव्याने टाकले, त्याच दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्राम) बदलला, कॅबिनेट उघडून धूळ काढली आणि अँटिव्हायरसही बदलला. बारा दिवस संगणक सुरळीत चालला आणि तेराव्या दिवशी पुन्हा तसाच अडकला. चार गोष्टी एका दिवसात केल्यामुळे त्या बारा दिवसांचे श्रेय कशाला द्यायचे, हेही मला ठरवता येईना. अखेर दोष सापडला तो रॅमच्या पट्टीपाशी. तिच्या एका टोकाची खिटी पूर्ण लागलेली नव्हती आणि त्या बाजूने पट्टी केसभर वर राहिली होती. धूळ काढताना धक्का लागून ती काही दिवसांपुरती नीट टेकली असावी. अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज झाला, खिटी बसली आणि तो त्रास कायमचा संपला. पण तुझ्या आजीच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे एका वेगळ्या फोल्डरमध्ये होती, हे फॉरमॅट करताना माझ्या ध्यानात आले नव्हते. ती गेली ती गेलीच. त्या फॉरमॅटची मुळात गरजच नव्हती, ही गोष्ट मला अजूनही लागून राहिली आहे.

आता तुझ्या संगणकाकडे वळू. ‘हँग होतो’ या एका शब्दात आपण दोन-तीन निरनिराळे आजार कोंबतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पुढच्या वेळी तो अडकला की लगेच पॉवरचे बटण दाबून धरू नकोस. आधी माउस हलवून पाहा. नंतर कीबोर्डवरची कॅप्स लॉक दाब आणि तिच्या दिव्याकडे नीट लक्ष दे. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची बातमी संगणकाकडे जाते आणि दिवा लावण्याचा हुकूम तिकडून उलट येतो. म्हणून पडदा गोठलेला असूनही दिवा लागत-विझत असेल, तर आतली यंत्रणा जिवंत आहे आणि एखादा प्रोग्राम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा उत्तर न देणारी डिस्क यांच्यापैकी कोणीतरी वाट अडवून बसले आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाब. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि पडदा क्षणभर काळा होऊन सर्व पूर्ववत झाले, तर संशयित सापडल्यासारखेच आहे. ते जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो का पाहा, आणि उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात का तेही पाहा. दिवा मात्र ढिम्म राहिला, माउसही मेला आणि स्पीकरमधून एकच घरघर येत राहिली, तर संपूर्ण यंत्रणाच थिजली आहे. तेव्हा रॅम, उष्णता आणि वीजपुरवठा यांच्याकडे आधी पाहायचे.

हे सर्व एका वहीत लिहीत जा. किती वाजले होते, संगणक सुरू करून किती वेळ झाला होता, काय उघडे होते, पंख्याचा आवाज वाढला होता का, दिवा लागला की नाही, एवढ्याच नोंदी पुरेत. सात-आठ नोंदी झाल्या की त्यांतून काहीतरी दिसू लागते. सुरू केल्यावर दरवेळी अर्ध्या-पाऊण तासानेच अडकत असेल, तर ते तापण्याचे लक्षण आहे. मोठी फाइल उघडताना किंवा साठवतानाच अडकत असेल, तर डिस्ककडे बोट जाते. कधीही, कसाही, अगदी काही न करतासुद्धा अडकत असेल, तर मी सर्वांत आधी रॅम तपासेन.

संगणक स्वतःही नोंदी ठेवत असतो. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ एवढे टाइप केलेस की दिवसवार आलेख उघडतो आणि ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी तांबडी फुली दिसते; पहिली फुली कधी पडली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय नवे टाकले गेले, हे तिथे एका दृष्टिक्षेपात कळते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत तुला ‘कर्नल-पॉवर’ आणि ४१ हा क्रमांक नक्की सापडेल. त्याचे नाव वाचून वीजपुरवठाच खराब आहे असे समजू नकोस. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते; तू बटण दाबून धरून बंद केलास तरी तीच नोंद पडते. याहून उपयोगी असतो तो विंडोज कोसळताना येणाऱ्या निळ्या पडद्यावरचा संकेत, पण तो वाचण्याआधीच संगणक रिस्टार्ट होतो. त्यासाठी सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाक, म्हणजे पडदा तसाच राहील आणि तुला मोबाइलने त्याचे छायाचित्र घेता येईल.

प्रत्यक्ष हात लावायचा तो आधी धुळीला, कारण त्यात खर्च नाही आणि गुण पुष्कळदा येतो. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढ, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धर म्हणजे मदरबोर्डवर, आतल्या मुख्य पाटीवर, उरलेली वीज निघून जाईल, आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श कर, नाहीतर अंगावरची स्थिर वीज एखाद्या चिपला मारू शकते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकची, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची, पाती असतात. पंख्याच्या पाकळ्या स्वच्छ दिसल्या तरी त्यांच्याखाली पात्यांच्या तोंडावर धुळीचा करडा नमदा बसलेला असतो, आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्यातून जात नाही. तो मऊ ब्रशने सोडव. हवेचा झोत मारणार असशील, तर पंखा बोटाने धरून ठेव, तो वाऱ्याने गरगर फिरू देऊ नकोस. नंतर तापमान दाखवणारा एखादा प्रोग्राम चालू ठेवून काम कर. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्याहून तापले तर स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होतात. साधे लेखन चालू असताना आकडा ८०च्या पुढे जात असेल, तर ते बरोबर नाही. धूळ काढूनही तो उतरला नाही, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली असेल किंवा हीटसिंकचा एखादा पाय सुटला असेल. पेस्ट बदलणे अवघड नाही, पण पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असू दे.

कॅबिनेट उघडलेच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसव. दोन्ही टोकांचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे, हे तुला मी वेगळे सांगायला नको. रॅमची परीक्षा रात्री लाव. विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक आहेच, पण माझा भरवसा पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्टवर अधिक आहे, कारण तो विंडोज सुरू न करताच जवळजवळ सगळी रॅम पिंजून काढतो. निदान ४ फेऱ्या होऊ दे. इथे ‘थोड्या चुका चालतील’ असे काही नसते. एकही चूक दिसली तर ती मान्य करता येत नाही. चूक दिसली, तर एकच पट्टी ठेवून परीक्षा घे, मग दुसरी, म्हणजे दोष पट्टीत आहे की खाचेत हे कळेल. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी ही सोय चालू आहे का ते पाहा आणि असेल तर बंद कर, कारण चांगली रॅमसुद्धा त्या वाढीव वेगाला कधीकधी टिकत नाही. सदोष रॅमवर विंडोज नव्याने टाकलेस, तर डिस्कवर उतरणाऱ्या नव्या फाइलीही बिघडू शकतात, म्हणजे रविवार वाया जाईल तो वेगळाच.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम पुरे. तुझी डिस्क जुन्या, फिरत्या प्रकारची आहे, म्हणून त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. निकामी झालेले किंवा वाचता न येणारे भाग तिथे मोजलेले असतात. ते आकडे शून्यावर नसतील आणि दर आठवड्याला वाढत असतील, तर डिस्क बदलण्याखेरीज उपाय नाही. सी७ची ओळ एकटीच वाढत असेल, तर डिस्क बहुधा ठीक आहे आणि तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब आहे.

एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा निळा पडदा न येता संगणक दिवा विझल्यासारखा बंद होतो, विशेषतः त्याच्यावर ताण आल्यावर. चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे ही त्याची साधी परीक्षा आहे. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची, डोकी सपाट आहेत की फुगली आहेत, हे बाहेरून डोळ्यांनी पाहा. पण एसएमपीएसची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नकोस, कारण वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते. ही एक गोष्ट माझी आज्ञा समज.

राहिले विंडोज. ते निर्दोष आहे की नाही, हे फॉरमॅट न करताही कळते. पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली घेऊन संगणक त्यावरून सुरू कर, काही इन्स्टॉल न करता नुसता वापर. तिथेही तो तसाच थिजला, तर दोष यंत्रात आहे आणि फॉरमॅटने काहीही साधणार नाही. तिथे तो दिवसचे दिवस नीट चालला, रॅम आणि डिस्कही परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, तर मात्र ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर नेऊन पाहा, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) काही दिवस काढ, आणि तरीही जमले नाही तर खुशाल फॉरमॅट कर. मग मी हरकत घेणार नाही.

एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत तारखेसह लिही. दोन बदलांमध्ये घाई करू नकोस. सध्या तो रोज अडकतो, म्हणून एखाद्या बदलानंतर तीन-चार दिवस न अडकल्यास काही अर्थ आहे. पण पुढे तो आठवड्यातून एकदाच अडकू लागला, तर तीन आठवडे शांत गेल्याशिवाय बरा झाला असे मी मानणार नाही. तोवर प्रबंध लिहिताना दर काही मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय ठेव.

प्रत घेऊन झाली की मला आजच कळव, त्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. पुढच्या वेळी संगणक अडकल्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागला की नाही, तेवढे फोनवर सांग. त्यावरून कॅबिनेट आधी उघडायचे की विंडोज आधी पाहायचे, ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई