गायनस्पर्धांमागील मालकी

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या इंदुरातील चाचणी फेरीविषयीचा लेख वाचला. रांगेतल्या मुलांच्या उत्साहाचे वर्णन त्यात भरपूर होते; त्या उत्साहावर कमाई कोण करतो आणि ती टिकवतो कशी, याविषयी मात्र अक्षरही नव्हते. माझी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे नजर तिकडेच वळते.

या धंद्यातील खरी मिळकत म्हणजे कार्यक्रमाचा फॉरमॅट. नाव, बोधचिन्ह, मंचाची रचना, परीक्षकांची मांडणी आणि बाद फेऱ्यांचा क्रम एकदा ठरला की तो देशोदेशीच्या वाहिन्यांना परवान्यावर देता येतो. निर्मितीचा खर्च आणि फसण्याची जोखीम बहुतांशी स्थानिक मंडळी उचलतात, आणि परवाना शुल्क मूळ मालकाकडे जात राहते. सायमन फुलर यांचे ‘पॉप आयडॉल’ 2001 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाले, पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोहोचले आणि 2004 मध्ये ‘इंडियन आयडॉल’ होऊन आपल्या बैठकीच्या खोलीत आले. नेदरलँड्सचे जॉन डी मोल यांनी 2010 मध्ये ‘द व्हॉइस’ची सुरुवात केली आणि 2015 मध्ये आपली टाल्पा ही कंपनी ब्रिटनच्या आयटीव्हीला सुरुवातीच्या 50 कोटी युरोंना विकली, पुढील कामगिरीनुसार ही रक्कम 110 कोटींपर्यंत जाण्याची तरतूद करारातच होती.

सर्वांत बोलके उदाहरण सायमन कॉवेल यांचे. ‘पॉप आयडॉल’चे परीक्षक असलेल्या कॉवेल यांनी 2004 मध्ये स्वतःचा ‘एक्स फॅक्टर’ काढला, तेव्हा फुलर यांनी नक्कल केल्याचा दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला. (गाण्यावरून नव्हे, फॉरमॅटवरून भांडण!) 2010 च्या स्पर्धेत ‘वन डायरेक्शन’ हा मुलांचा चमू तिसरा आला, तरीही कॉवेल यांच्या सायको कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि विजेत्याहून कितीतरी अधिक नाव त्याचेच झाले; क्रमांक प्रेक्षकांनी ठरवला तरी करार मालकाच्या हाती असतो. 2020 मध्ये सायकोतील सोनी या संगीत कंपनीबरोबरची भागीदारी सुटताना ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सोनीकडे राहिला, तर सोनीचा ‘एक्स फॅक्टर’ आणि ‘गॉट टॅलेंट’ या कॉवेल यांच्याच दुसऱ्या स्पर्धेतील वाटा कॉवेल यांनी विकत घेतला. सुटी गाणी सोडून कार्यक्रम राखणारा हा गृहस्थ भावनेच्या भरात वाटणी करणारा नाही, एवढे हिशेबनिसाला नक्की कळते.

हा सारा परदेशी कावा आहे, असे मात्र समजू नये. झी वाहिनीचा ‘सा रे ग म’ 1995 चा आणि पूर्णपणे देशी आहे. तेथेही मालकी वाहिनीचीच.

लता मंगेशकर यांचा जन्म इंदूरचा, याचा आपण अभिमान बाळगतो. पण गायकांनाही रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या विक्री-वापरातील वाटा, मिळावी म्हणून त्या साठच्या दशकात निर्मात्यांशी आणि काही सहगायकांशीही भांडल्या, ही गोष्ट सत्काराच्या भाषणांत क्वचितच येते. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गायकांच्या रॉयल्टीचा हक्क अधिक स्पष्ट झाला खरा, परंतु अल्पवयीन स्पर्धकाच्या वतीने सही पालकच करतात, आणि मुलाची निवड झाल्याच्या आनंदात पन्नास पानी इंग्रजी करार कोण वाचतो?

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, यापुढे चाचणी फेरीची बातमी देताना आयोजकांना काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे, किंवा उत्तर देण्यास दिलेला नकार, छापावा: स्पर्धक किती वर्षांसाठी बांधला जातो, बाहेरच्या कार्यक्रमांच्या मानधनात कोणाचा किती वाटा असतो, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे कोणाकडे जातात. शहरातील मराठी संस्था दरवर्षी मुलांच्या गायनस्पर्धा हौसेने घेतात. त्यांनी एखादी संध्याकाळ वकिलाला बोलावून पालकांबरोबर असा एक करार वाचण्यासाठी राखून ठेवावी. खुर्च्या आणि चहाचा खर्च मी देईन.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, इंदूर