बंदूक ओळखावी काडतुसावरून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धाच्या बातमीत सैनिकाच्या हाती दिसेल ते हत्यार ‘मशीनगन’, आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) वाकडे असेल तर ‘एके-47’, अशी आपल्याकडच्या वृत्तपत्रांची रीत पडली आहे. त्याच बातमीत ‘घटनास्थळी शेकडो गोळ्या सापडल्या’ असेही वाचायला मिळते. ती न झाडलेली काडतुसे होती की रिकाम्या पुंगळ्या? काडतुसे असतील तर तिथे साठा होता, पुंगळ्या असतील तर तिथून गोळीबार झाला. दोन्ही बातम्या अगदी वेगळ्या.

गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा, एवढेच. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची किंवा पोलादाची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी पुढे रेटली जाते. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीमागच्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, म्हणून वायू मागे सैनिकाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, तिला ओढून बाहेर फेकता येते. हे आकसून सुटणे बिघडले की बंदूक अडकते.

सैन्याच्या बंदुकांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात याच काडतुसापासून करावी. पिस्तूल आणि सबमशीनगन (पिस्तुलाचे काडतूस सलग झाडणारी छोटी बंदूक) यांत बहुधा 9×19 मिमी असते: गोळी सुमारे 8 ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण 350 मीटर, ऊर्जा 500 ज्यूलच्या आसपास. नाटो देशांच्या रायफलींतले 5.56×45 बघा. गोळी जेमतेम 4 ग्रॅमची, पण वेग 900 मीटरच्या वर, त्यामुळे ऊर्जा 1,700 ज्यूलच्या पुढे. 7.62×51 ची 9.5 ग्रॅमची गोळी सुमारे 840 मीटर वेगाने निघते आणि 3,300 ज्यूलच्या घरात जाते. वाहने आणि भिंती भेदण्यासाठीचे 12.7×99 पंधरा हजार ज्यूल सहज ओलांडते.

यातला पहिला आकडा साधारण गोळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा. बातम्यांत हा दुसरा हटकून गळतो आणि उरते ‘7.62 एमएमची गोळी’. पण 7.62×39 कलाश्निकोव्हचे म्हणजे एके-47 चे, 7.62×51 नाटोचे आणि कडा असलेल्या पुंगळीचे 7.62×54 हे सोव्हिएत पीके मशीनगनचे व द्रागुनोव्ह रायफलीचे. तिन्ही काडतुसे एकमेकांच्या बंदुकीत चालत नाहीत. नुसत्या 7.62 वरून कोणाचे हत्यार होते हे ठरवणे म्हणजे अंधारात नेम धरणे.

असॉल्ट रायफल ही कल्पनाही काडतुसातूनच आली. पूर्ण ताकदीचे रायफलचे काडतूस सलग झाडले की नळी वर उसळते आणि नेम राहत नाही. शिवाय बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात. म्हणून जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात पुंगळी आखूड करून 7.92×33 केली आणि तिच्यासाठी श्टूर्मगेवेअर 44 बनवली. मध्यम ताकदीचे काडतूस, एकेक किंवा सलग झाडण्याची निवड, आणि काढता येणारे मॅगझिन: या तीन खुणा असतील तरच असॉल्ट रायफल. वजनाचा फायदाही मोठा आहे. 5.56 चे एक काडतूस सुमारे 12 ग्रॅमचे, 7.62×51 चे 24 च्या आसपास. म्हणजे त्याच ओझ्यात दुप्पट दारूगोळा.

आता ‘एके-47’. सोव्हिएत सैन्याने ती 1949 मध्ये स्वीकारली. 1959 मध्ये पत्रा ठोकून बनवलेल्या सांगाड्याची, सुमारे किलोभर हलकी एकेएम आली, आणि छायाचित्रांत दिसते ती बहुतेक वेळा तीच किंवा तिची नक्कल असते. एके-74 आणखी वेगळी, तिचे काडतूस 5.45×39. ओळखायला सोपी खूण म्हणजे मॅगझिनचा बाक. 7.62×39 ची पुंगळी तोंडाकडे निमुळती होते, त्यामुळे काडतुसे एकावर एक रचली की रांग आपोआप वळते. 5.45 ची पुंगळी कमी निमुळती, म्हणून बाकही कमी. तो बाक कारागिराने शोभेसाठी दिलेला नाही.

रायफलीची मशीनगन का होत नाही? मिनिटाला 600 फैरी हा आकडा कागदावरचा. 30 काडतुसांचे मॅगझिन तीन सेकंदांत संपते. तरीही मॅगझिनमागून मॅगझिन रिकामे करत गेले तर नळी तापते आणि बंद चेंबरमध्ये थांबलेले काडतूस चाप न ओढताही उडू शकते. म्हणून बहुतेक पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनगनमध्ये बोल्ट मागे उघडा थांबतो. झाडणे थांबले की चेंबर रिकामे राहते आणि हवा खेळते. नळी जाड आणि सैनिकाला मोर्चावरच बदलता येणारी. एफएन मॅग या बेल्जियन मशीनगनच्या अमेरिकी रूपाचा, एम-240 चा नियम असा: मिनिटाला 100 फैरी चालवल्या तर दहा मिनिटांनी नळी बदला, 200 चालवल्या तर दोन मिनिटांनी. ‘स्वयंचलित’ हा शब्दही बातम्यांत असाच सैल वापरला जातो. चाप एकदा ओढून एकच गोळी सुटत असेल आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जात असेल तर ती बंदूक अर्धस्वयंचलित.

रायफलला हे नाव मिळाले ते नळीतल्या पिळदार खाचांमुळे. त्या गोळीला फिरकी देतात आणि ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते. अमेरिकी एम-16 रायफलीच्या जुन्या ए-1 रूपात 12 इंचांत एक फेरा होता, नंतरच्या ए-2 मध्ये 7 इंचांत. नवी 4 ग्रॅमची गोळी जुन्या नळीतून झाडली तर ती डळमळते आणि नेम बिघडतो, कितीही चांगला नेमबाज असो.

एम-16 च्या नावावर आणखी एक जुना डाग आहे: व्हिएतनाममध्ये ती सतत अडकायची. त्याचा सगळा दोष रचनेवर टाकला जातो, तो अन्याय आहे. चाचण्या एका दारूवर झाल्या आणि आघाडीवर दुसरीच पोहोचली. तिने झाडण्याचा वेग वाढला आणि काजळीही जास्त धरू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, म्हणून ते दमट हवेत गंजले आणि पुंगळ्या आत रुतल्या. नळीच्या तोंडातून सळई घालून त्या ठोकून काढाव्या लागत, आणि साफसफाईची साधनेच पुरेशी दिलेली नव्हती. चेंबरला क्रोम, बफरमध्ये (बोल्टचा मागचा धक्का झेलणाऱ्या भागात) बदल आणि सफाईचे सामान मिळाल्यावर तक्रारी ओसरल्या.

आज अडकणाऱ्या कोणत्याही रायफलीत प्रथम मॅगझिन तपासावे. त्याच्या तोंडाचे वाकलेले ओठ किंवा मरगळलेली स्प्रिंग एवढे कारण पुष्कळदा पुरते.

अमेरिकी सैन्याने 2022 मध्ये सैनिकाच्या अंगावरचे चिलखत भेदण्यासाठी 6.8×51 चे काडतूस आणि त्याची नवी रायफल निवडली. मॅगझिन 30 ऐवजी 20 चे, म्हणजे सात मॅगझिनचा सैनिक 210 ऐवजी 140 काडतुसे घेऊन चालणार. 5.56 आणताना ओझ्याचा जो हिशेब मांडला होता, तो इथे उलट्या बाजूने मांडला आहे, आणि तो बरोबर ठरेल याची मला तरी खात्री वाटत नाही.

आपला,
एक वाचक