सरबताच्या बाटलीतलं फवारणीचं औषध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की आमच्या देवगडात फवारणीच्या पंपांची डागडुजी सुरू होते. थंडी पडली की आंब्याला मोहोर, मोहोरावर तुडतुडा ही कीड, आणि मग कलमांवर फवारण्यांमागून फवारण्या. त्या सुरू व्हायच्या आत हे पत्र छापून यावं, म्हणून घाईने लिहिते आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या दिरांचा नातू डोंबिवलीहून सुटीला आला होता. वय वर्षं सात. भर दुपारी खळ्यात खेळून घामाघूम होऊन आला आणि पडवीतल्या फळीवरची बाटली त्याने तोंडाला लावली. बाटली लिंबू सरबताची, आत दोन बोटं पिवळसर पातळ काहीतरी. शेजारी तसल्याच बाटल्यांत कोकमाचं आगळ आणि आवळ्याचं सरबत. एक घोट पोटात गेला, दुसरा त्याने थुंकला. "आजी, ओठांना मुंग्या येतायत," म्हणाला. मी बाटली हुंगली. रॉकेलसारखा उग्र दर्प आला आणि माझे हातपायच गळाले. हंगामात वाडीतल्या एकाशी अर्धं अर्धं वाटून घेतलेलं ते औषध होतं. उरलेलं आम्हीच त्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. चूक आमची, दुसऱ्या कुणाची नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारीण धावत आली. "त्येका मिठाचा पाणी पाज, उलटी होऊक होयी," म्हणाली. मी तांब्यात मीठ कालवलंही होतं. सुनेने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला होता, तिने तांब्या हातातून काढून घेतला, म्हणून तो प्रकार टळला. पुढे डॉक्टरांनी समजावलं की अशी बरीचशी औषधं रॉकेलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेली असतात. उलटी काढायला गेलं तर ते फुप्फुसात उतरतं आणि तिथे जास्त इजा करतं. जास्त मीठ तर लहान मुलाच्या जिवावरही बेतू शकतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "औषध कुठलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाटलीवर चित्र लिंबाचं! मूळ डबा ज्याच्याकडे, त्याचा फोन रेंजबाहेर. आणि नाव कळणं फार गरजेचं असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं विष असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. दुसऱ्या काही गटांवर नेमका उताराच नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. एक दिवस आणि एक रात्र पोराला नजरेखाली ठेवलं. घोट लहान होता, पोर वाचलं. ती रात्र मी बाकावर बसून काढली.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आपण त्याला 'औषध' म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, औषध उरलं. मुलाला ताप आला की जे देतो तेही औषधच. मोठ्यांना फरक कळतो, पण शब्दही ओळखीचा आणि बाटलीही ओळखीची, तर मुलाने घाबरावं कशाला? त्यात पाण्यात कालवलेलं उरलं, तर पुष्कळदा ते दुधासारखं पांढरं दिसतं. बाटलीत भरलं की थेट ताक!

मूळ डब्यावर सगळं असतं. चौकोनी खूण असते, तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषबाधा झाल्यास काय करायचं तेही लिहिलेलं असतं. दुसऱ्या बाटलीत ओतलं की हे सगळं मागे राहतं. उंदराच्या औषधाचंही तेच. ते भाकरीला किंवा टोमॅटोला लावून माळ्यावर टाकतात. त्यातली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर फारच वाईट. ती पोटात गेलेला माणूस एखाद-दोन दिवस बरा दिसतो आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. लाद्या धुवायचं ॲसिडही घरोघरी पाण्याच्याच बाटलीत असतं.

माझं मागणं थोडकंच आहे. औषध विकणाऱ्या दुकानदारांनी सुटं ओतून देऊ नये. शंभर आणि अडीचशे मिलिलिटरचे डबे मिळतात, तेच द्यावेत. बागायतदारांनीही एका डब्यातलं वाटून घेणं थांबवावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात १० लिटर पाण्याला किती औषध ते छापलेलं असतं. 'मूळ डब्यातच, कुलपात ठेवा' हे शब्द त्याच कागदावर ठळक छापावेत. आमच्याकडे आता गोठ्यात जुनी पत्र्याची ट्रंक आहे. औषध त्यातच राहतं, मूळ डब्यात, आणि किल्ली माझ्या कमरेला असते.

आपल्या वृत्तपत्राला विनंती, की दरवर्षी ऑक्टोबरात आणि मुलं गावी येण्याआधी एप्रिलात पहिल्या पानावर एक चौकट द्यावी: उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका, अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, डबा सोबत न्या. आमच्या वाडीत पेपर एकाच घरी येतो, पण तो सगळे वाचतात. ती चौकट कापून मी स्वतः घरोघरी पडवीत चिकटवीन.

आपली,
एक आंबा बागायतदार गृहिणी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग