फवारे फक्त तपासणीच्या दिवशीच का?

संपादक साहेब, नमस्कार,

कोळसा खाणीत मास्क वाटले की पेपरात फोटो येतो. ठीक आहे, पण मी अठरा वर्षं अंडरग्राउंडला ड्रिलवर काढलीत म्हणून सांगतो, तो मास्क तासाभरात गळ्यात येतो, कारण घामाने फिल्टर ओला झाला की श्वास ओढायला जोर लागतो आणि मशीनच्या आवाजात जोडीदाराला ओरडून सांगायचं तर तोंड उघडं करावंच लागतं. मग साहेब लोक म्हणणार कामगारच बेफिकीर.

अहो, धूळ उडते तिथेच दाबायला पाहिजे ना! कटरच्या दातांपाशी फवारे, ड्रिलच्या भोकात पाणी, एका बेल्टवरून दुसऱ्यावर कोळसा पडतो तिथे पाणी, आणि फेसपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा कापला जातो तिथपर्यंत, पोचणारी हवा. आमच्याकडे निम्मे नोझल गाळाने बंद असायचे आणि धुळीचा नमुना घ्यायचा दिवस आला की कोणीतरी तार घेऊन एकेक भोक मोकळं करायचा, हवा वळवणारा पडदा फेसजवळ ओढला जायचा, मशीनपण त्या दिवशी जरा दमानं चालायचं. रिपोर्ट चांगला येणारच! कटरचे दात बोथट झाले तरी तसेच रेटायचे, त्याने कोळसा कापला जात नाही, दळला जातो.

रुमाल काळा करणारी धूळ परवडली, ती नाकात तरी अडते. डोळ्याला न दिसणारी, काही मायक्रॉनची धूळ थेट फुप्फुसात खोल जाऊन बसते, आणि कोळशासोबत दगड कापला गेला तर सिलिका, ती आणखी वाईट. न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, एकदा झाला की बरा होत नाही, खाण सोडल्यावरही वाढू शकतो.

अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने धुळीवर मर्यादा आणली, २०१६ पासून ती घनमीटरला १.५ मिलिग्रॅम आहे, जास्त धुळीच्या कामावरच्या माणसाच्या अंगावर मीटर असतो आणि आकडा शिफ्ट चालू असतानाच दिसतो. तरी तिकडच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया या डोंगराळ भागातल्या खाणींत हा आजार पुन्हा वाढलाय, कोळशाचा थर पातळ म्हणून दगड जास्त कापावा लागतो हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे नुसता नियम कडक करून भागत नाही, रोज मोजायला लागतं.

माझं म्हणणं एवढंच, धुळीचा आकडा हजेरीच्या खिडकीशेजारी रोज फळ्यावर लिहा, नोझल बंद असेल तर मशीन चालू करू नका, आणि छातीचा एक्स-रे काढला तर फिल्म आमच्या हातात द्या. मला दर वेळी "नॉर्मल आहे, इथे सही करा" एवढंच सांगितलं गेलं, फिल्म कधी बघितली नाही, आता दोन जिने चढलो की ढास लागते.

– एक रिटायर्ड ड्रिलर