भात झाली

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. मंजू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, बाळाशी घरात इंग्रजीच बोलायचं ठरलंय, जगात तीच चालते. बाबा शेजारी बसले होते, म्हणून गप्प राहिले.

चिकोडीहून मी या घरात आले तेव्हा माझं मराठी मोडकंतोडकं. कन्नडात भात तो की ती, हा प्रश्नच नसतो. मी “भात झाली” म्हटलं की जावा पदरात तोंड लपवून हसायच्या. (त्यांच्या ताटातलं तूप हा शब्दही कन्नडातून आलेला, हे मला फार उशिरा कळलं. नाहीतर सुनावलं असतं.) त्या आपल्या घरात होत्या, अडखळायचं ते मीच. इंग्रजीचंही तसंच गं. कुणाला ती आईच्या दुधाबरोबर मिळते, बाकीच्यांनी क्लास लावायचे.

नगर वाचन मंदिरात एकदा झामेनहॉफबद्दल वाचलं होतं. डोळ्यांचा डॉक्टर. त्याच्या बियालिस्टोक गावात रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश बोलणाऱ्यांची आपसांत धुसफूस. म्हणून त्याने 1887 मध्ये एस्परँटो नावाची नवीच भाषा काढली, व्याकरणाचे नियम फक्त 16. ती कुणाच्याच घरची नव्हती, म्हणजे सगळेच सारखे अडखळणार! घरात आपली, बाहेर ही. मला पटलं. पुढे लीग ऑफ नेशन्स या देशांच्या संघटनेत ती शाळांत शिकवायचा विषय निघाला, तर फ्रान्स आडवा आला. तेव्हा दरबारी मान फ्रेंचला होता ना.

तशी एस्परँटोही पुरती तटस्थ नाही. शब्द बहुतेक युरोपातलेच. आणि बाप म्हणजे ‘पात्रो’, आई म्हणजे ‘पात्रीनो’. बापाच्या शब्दाला शेपूट लावून आई केली! हे काही मला आवडलेलं नाही.

अंदमानात बोआ सीनियर नावाची म्हातारी 2010 मध्ये गेली, तिच्याबरोबर बो भाषा गेली. शेवटी शेवटी त्या भाषेत बोलायला तिला कुणीच उरलं नव्हतं. कन्नडाला असं काही होणार नाही, ठाऊक आहे. पण या घरात ते माझ्या तोंडातच संपलं. तुला मी शिकवलं नाही. हसतील म्हणून.

परवा भात करपला. तळाची खरवड खरवडताना आठवेना, तिला आई काय म्हणायची. दोन दिवस झाले. तू बेंगळुरूत आहेस, तुमच्या भाजीवालीला विचार. ती तिकडचीच असेल तर शब्द वेगळा सांगेल, हुबळी-धारवाडकडची कुणी भेटली तर बघ. बाळाला घेऊन जा बरोबर.

तुझी,
आई