आधी उतरायची जागा शोधा, मग उड्डाणाची

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

मेक्सिकोतले वाये दे ब्रावो हे गाव पॅराग्लायडिंग करणाऱ्यांमध्ये जगभर ओळखले जाते. पांढऱ्या भिंती, लाल कौले, दगड बसवलेले चढउताराचे रस्ते, खाली मोठा जलाशय आणि आकाशात रंगीबेरंगी विंग, म्हणजे पॅराग्लायडरची कापडी छत्री. ही छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागली की ‘मराठवाड्यात म्हैसमाळला हे का नाही, बालाघाटात का नाही’ हा प्रश्न निघतोच. प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडे त्याचे उत्तर एखाद्या सनसेट पॉइंटच्या कठड्याला टेकून दिले जाते आणि चर्चा लगेच पायऱ्या, फलक आणि सेल्फीच्या जागेवर येते. पॅराग्लायडिंग करणारे म्हणून आम्हाला या बाबतीत थोडे तपशिलात लिहावेसे वाटते.

आधी साम्य पाहू. वाये दे ब्रावो आणि नांदेड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या किंचित वर. पावसाळा तिथेही साधारण जून ते ऑक्टोबर आणि उड्डाणाचा हंगाम त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांचा. तिथला जलाशय १९४०च्या दशकात वीजनिर्मितीसाठी झाला. आज त्याचे पाणी कुत्सामाला योजनेतून मेक्सिको सिटीला जाते. अलीकडच्या दुष्काळात तो बराच आटला आणि पाण्याच्या वाट्यावरून ओरड झाली. नाथसागराच्या काठी राहणाऱ्यांना यातले काही वेगळे समजावून सांगायला नको.

फरक आहे तो उंचीचा. तिथला जलाशयच सुमारे १८०० मीटरवर आहे आणि एल पेन्योन या खडकाळ डोंगराशेजारची उड्डाणाची जागा दोन हजार मीटरच्या बरीच वर. म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास, अंबाजोगाईकडचा बालाघाट त्याहून खाली. वाये दे ब्रावोचा मार्च सुखद असतो, आपला मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे तिकडे दुपारी एक वाजता जे निभते, ते इकडे त्याच घड्याळावर निभेल असे धरून चालता येत नाही.

एल पेन्योनवर उड्डाण चालते ते थर्मलच्या जोरावर. ऊन लागून खडक तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होऊन वर निघते आणि वैमानिक तिच्यात घिरट्या घालत उंची मिळवतो. सेकंदाला तीन-चार मीटर चढण तिथे नवलाची नाही. इतकी चढण आहे याचा अर्थ त्या स्तंभाच्या कडेला जोरदार उतरणही आहे. या सीमेवर विंगची एक बाजू अचानक मिटू शकते. सराईत माणूस अंगाचा भार उघड्या बाजूला टाकतो, त्या बाजूचा ब्रेक (विंगची मागची कड ओढणारी हातातली दोरी) बेताने धरून दिशा सांभाळतो आणि मग मिटलेली बाजू ब्रेकच्या एक-दोन लांब झटक्यांनी उघडतो. नवखा घाबरून दोन्ही ब्रेक खाली ओढतो आणि मिटलेली विंग स्टॉल करून, म्हणजे तिचा वेग मारून उचल घालवून बसतो. म्हणूनच तिथे अनुभव कमी असलेले सकाळी लवकर उडून घेतात, आणि पर्यटकांच्या उड्डाणांना गावाजवळची ला तोर्रे ही जागा आहे. तिथून निघून जलाशयाच्या काठी उतरतात. २००९ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वाये दे ब्रावोला झाली, तेव्हा एका स्पर्धकाचा जीवही गेला. तो काही हौशी पर्यटक नव्हता.

पातळ हवेचा मुद्दाही लक्षात घ्यावा. २३०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ऐंशी टक्के असते. त्यामुळे तीच विंग तोच भार उचलायला साधारण बारा टक्के जास्त वेग मागते, धावही जास्त लागते आणि उतरतानाही वेग जास्त असतो. हजार मीटरवर हा फरक पाच टक्क्यांच्या घरात येतो. इथे म्हैसमाळची बाजू वरचढ. उन्हाळ्यात मात्र तापलेली हवा आणखी विरळ होते आणि हा फायदा बराचसा खाऊन टाकते.

आता आपल्या कड्यांकडे. मराठवाड्यातले डोंगर बसाल्टचे, माथा सपाट आणि कडा तुटलेला. पर्यटकाला तो सरळसोट कडा आवडतो, वैमानिकाला नाही. वारा उभ्या कड्यावर आदळला की तो काठाशी जवळजवळ सरळ वर जातो आणि काठाच्या मागे, नेमक्या विंग पसरायच्या जागी, हवा एकतर मेलेली असते किंवा उलटी गरगरत असते. विंग त्या मेलेल्या हवेत अर्धवट फुगते, वैमानिक दोन पावले पुढे टाकतो आणि काठावर येताच ती एकदम वरच्या झोतात सापडते. माणूस उचलून मागे आपटला जातो तो असा. उड्डाणाला हवा तो साधारण २० ते ३० अंशांचा गवताळ उतार, जो खाली हळूहळू तीव्र होत जातो, म्हणजे पळताना पाय जमिनीवर असतानाच वारा समोरून सरळ अंगावर येतो. एका माणसाची विंग १० ते १२ मीटर रुंद, दोघांची टँडम विंग १४-१५ मीटर. दोन विंग शेजारीशेजारी पसरून मागे उभे राहायला जागा धरली तर चाळीस बाय तीस मीटर तरी मोकळे पाहिजे. त्यात करवंदाची एक जाळी किंवा बोराटीचे एक खुंट राहिले तरी बारीक दोऱ्या त्यात अडकतात. ऐन धावेत अडकलेली एक दोरी विंगला एका बाजूला फिरवायला पुरेशी असते. कड्यांवर आग्या मोहोळ असतात हे तर अजिंठ्याला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हवेत लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

उंचीचा हिशेब कुणी करत नाही, तोही सांगतो. विंग स्थिर हवेत सेकंदाला साधारण १.१ मीटर खाली येते आणि एक मीटर उतरताना आठ-नऊ मीटर पुढे जाते. दीडशे मीटरच्या कड्यावरून सुटलात आणि उचलणारी हवा मिळाली नाही, तर सव्वादोन मिनिटांत आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास तुम्ही जमिनीवर असता. वारा समोरून ताशी १५-१८ किलोमीटरचा असेल तर ते अंतर जवळपास निम्मे होते. याचा अर्थ पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर उतरायची जागा नसेल तर वरची जागा कितीही देखणी असली तरी कामाची नाही. तपासणी खालून सुरू करायची ती यासाठी.

आणि खाली काय असते? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे हवा सगळ्यात चांगली असते तेव्हा, शिवारात रब्बीची ज्वारी पुरुषभर उंच उभी असते. तिच्यात उतरणे म्हणजे दोऱ्या कणसांत गुंतवणे आणि शेतकऱ्याचे नुकसान करणे. त्यात बिनकठड्याच्या विहिरी. त्यात शेततळी, ज्यांच्या प्लास्टिकच्या गुळगुळीत उतारावरून बुटासह वर चढता येत नाही. हार्नेसच्या, म्हणजे वैमानिकाच्या पट्ट्यांच्या आसनाच्या, पाठीतली हवेची गादी पाण्यात तरंगते आणि माणसाला पालथा पाडते, म्हणून पाण्यात पडणारच असे दिसले की पाण्याला टेकण्यापूर्वी छातीचा पट्टा सोडून ठेवावा लागतो. जलाशयाकाठी उतरवणारे हे आधीच शिकवतात. आमच्या मते सगळ्यात मोठा धोका विजेच्या तारांचा. अकरा हजार व्होल्टची लाइन वरून पाहताना रानाच्या रंगात हरवते, दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असे समजून चालायचे.

उतरायला शंभर बाय साठ मीटरचे पडीक रान किंवा माळ हवा, त्यावर येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूला उंच झाडांची रांग किंवा इमारत नको. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत हवा खवळलेली राहते. पंधरा मीटरच्या निलगिरीच्या रांगेमागे दीडशे मीटरपर्यंत सावध राहावे लागते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. नांगरलेली काळी जमीन लवकर तापते, शेजारचा भिजवलेला ऊस थंड राहतो, आणि थर्मल सुटतो तो बहुधा या दोघांच्या बांधावरून. दुपारी बारानंतर अशा बांधाजवळ उतरायला आलेल्या माणसाला दहा मीटरवर असताना एकदम वर ढकलले जाते आणि लगेच खाली टाकले जाते. अशा वेळी ब्रेक ओढून ‘हळू’ उतरायचा मोह जीवघेणा आहे. वेग ठेवायचा आणि पुरा ब्रेक जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर आल्यावरच.

हंगामाबद्दल थोडक्यात. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतांशी ईशान्य-पूर्वेचा, मार्चपासून तो पश्चिम-वायव्येकडे झुकतो. एकाच दिशेला तोंड असलेला उतार वर्षभर चालत नाही. लोणावळ्याजवळच्या कामशेतला वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या टेकड्या आहेत, वारा पाहून टेकडी निवडतात. डोंगराच्या पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात उड्डाण नाहीच, मग गिऱ्हाईक कितीही लांबून आलेले असो. मार्च-एप्रिलमध्ये वावटळी उठतात. त्या विंग पसरलेल्या माणसाला जमिनीवरूनच उचलू शकतात, म्हणून वावटळ दिसताच पहिले काम विंगचा बोळा करून तिच्यावर बसणे. वळवाचे ढग वीस-तीस किलोमीटरवर दिसत असले तरी दिवस संपला म्हणून समजावे. त्यांच्यापुढे धावणारा वारा ताशी ५०-६० किलोमीटरचा असू शकतो आणि विंग स्वतः उडते ताशी ३६-३९ ने.

टँडम उड्डाणाला बसणाऱ्यांनी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात, लाजू नये. दोन्ही मांड्यांचे पट्टे लागले आहेत का? ते विसरल्याने माणूस हार्नेसमधून घसरून पडल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. छातीचा पट्टा आणि हेल्मेटची क्लिप. हार्नेस विंगला जोडणाऱ्या दोन्ही कड्या (कॅराबिनर) बंद आणि कुलूपबंद. राखीव पॅराशूट आहे का आणि शेवटचे कधी उघडून घडी केले; वर्षभरात केले नसेल तर दुसरा वैमानिक शोधावा. राखीव पॅराशूटची मर्यादा सेकंदाला ५.५ मीटर उतरण ही आहे, म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी मारल्याइतका दणका. पण ते दोघांच्या वजनाला पुरेल अशा मापाचे असले तरच. विंगचे कापडही म्हातारे होते. उन्हातल्या वापराच्या तासांनी त्याचा लेप जातो, हवा झिरपू लागते आणि विंग स्टॉलमधून बाहेर यायला कुरकुरते. ‘परदेशातून आणलेली’ स्वस्त विंग बहुतेक वेळा तिथे तपासणीत बाद झालेली असते, असा आमचा संशय आहे.

राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे व्हावी लागते. त्याशिवाय म्हैसमाळसारख्या ठिकाणी वनखात्याची जमीन, माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा आणि चिकलठाणा विमानतळाची हवाई हद्द हे तिन्ही प्रश्न पहिल्याच बैठकीत टेबलावर यायला हवेत. उतरायचे रान ज्यांचे, त्यांच्याशी हंगामाचा लेखी करार व्हावा. प्रत्येक उड्डाणामागे ठरलेली रक्कम आणि पिकाचे नुकसान झाल्यास त्याच दिवशी भरपाई. गर्दीच्या गाड्या बांधावरून रानात शिरू लागल्या की गावाचा विरोध होतो, आणि तो रास्तच असतो.

आमची मागणी साधी आणि स्वस्त आहे. कोणत्याही डोंगरावर बांधकामाचा एक रुपया खर्च होण्याआधी तिथे एक विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) उतारावर आणि एक पायथ्याच्या संभाव्य रानात लावावा. शेजारच्या शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या कुणाला तरी दीड-दोन हजारांचा हातात धरायचा वारामापक द्यावा. ऑक्टोबर ते मे रोज सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता तीन नोंदी: दिशा, दहा मिनिटांतला सरासरी वेग, आणि त्याच दहा मिनिटांतला सर्वांत मोठा झोत. सरासरी ताशी १५ किलोमीटर आणि झोत ३० असेल तर तो दिवस बाद. सरासरी ८ ते २० च्या दरम्यान, दिशा उताराच्या समोर आणि झोत सरासरीपेक्षा आठ-दहा किलोमीटरहून अधिक वर नाही, असे सकाळ-संध्याकाळ मिळून हंगामात साठ दिवस जरी भरले, तर पुढची चर्चा वैमानिकांबरोबर करावी. तेवढे भरले नाहीत तर त्या डोंगरावर पायवाट आणि बसायला बाकडी करावीत, आणि वही पुढच्या डोंगरावर न्यावी.

आपले,
पॅराग्लायडिंग करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर