‘एआय वापरता का?’ एवढे विचारून काय कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात उद्योगांच्या एका पाहणीचा ऑनलाइन फॉर्म आला. ‘आपल्या व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता का? होय / नाही.’ अंबडला माझे सहा माणसांचे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे), एक जुना लेथ, सगळे जॉबवर्क. मी बेधडक ‘नाही’ केले. दुपारी पाहतो तर मशीनवर आलेला अलार्म कोड आमचा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) मोबाइलवर चॅटजीपीटीला मराठीत विचारत होता. स्क्रीनवर कूलंटने माखलेला अंगठा उमटलेला. ऑफिसातली मुलगी तर इंग्रजी कोटेशन दिवाळीपासून त्यातूनच लिहून घेते म्हणे! मालकालाच पत्ता नाही, तिथे फॉर्मला काय कळणार?

अमेरिकेचे जनगणना खाते 2023 च्या सप्टेंबरपासून कंपन्यांना दर पंधरवड्याला विचारू लागले: गेल्या दोन आठवड्यांत माल किंवा सेवा तयार करताना एआय वापरले का? सुरुवातीला ‘होय’ म्हणणारे 3.7 टक्के होते, 2024 च्या फेब्रुवारीत 5.4. त्याच वर्षीच्या मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या पाहणीत, ‘एखाद्या तरी कामात’ असे विचारल्यावर, आकडा 72 वर गेला. कोणाला विचारले आणि काय विचारले, यावरच सगळे आले. युरोपची पाहणी तर दहापेक्षा कमी माणसांच्या उद्योगांना धरतच नाही.

आपल्याकडे माझ्यासारख्या प्रोप्रायटरी वर्कशॉपपर्यंत पोहोचते ती असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी. 2023-24 मध्ये व्यवसायासाठी इंटरनेट वापरणारे 26.7 टक्के निघाले, ते तिच्यातच. तिथेच दोन-तीन प्रश्न वाढवावेत: कोणत्या कामाला वापरले, किती वेळ वाचला आणि त्या वेळेचे काय केले?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोटेशनला अर्धी सकाळ जायची, आता अर्धा तास पुरतो. त्यामुळे माणूस कमी केला नाही, उलाढालही वाढली नाही. मोकळ्या वेळात त्या मुलीने पार्ट्यांच्या मागे लागून दोन थकलेली बिले वसूल केली. आता हा फायदा उत्पादकतेच्या कुठल्या रकान्यात बसवणार? पैसे माझेच होते, फक्त अडकले होते.

आणि एक विनंती: फॉर्म भरताना मालकाशेजारी सेटरलाही बसवा.

– एक वर्कशॉपमालक, अंबड, नाशिक